बोनेट चेपलं पाहिजे, केबिन नाही: लक्झरी सेडानच्या क्रॅश टेस्टबद्दल मामाजींना जे सांगितलं ते

मागच्या महिन्यात मामाजींसोबत वर्धा रोडच्या एका सेकंड हँड गाड्यांच्या यार्डात गेलो होतो. मामाजी रिटायर झालेत, फंडाचे पैसे हातात आलेत आणि आयुष्यभर स्कूटर अन् मग एक छोटी हॅचबॅक चालवलेल्या माणसाला आता एकदा तरी मोठी गाडी घ्यायची आहे, हे घरात सगळ्यांना मान्य आहे. तिथे एक काळी जर्मन सेडान उभी होती, 2011 ची, किंमत नव्या डिझायरपेक्षा थोडी कमीच. मामाजींनी दरवाजा लावून पाहिला, तो महागड्या गाड्यांचा जड धप्प आवाज झाला, मग बोनेटवर बोटांच्या पेरांनी दोनदा ठोकलं आणि मला म्हणाले, "पाहून राहिला नं, कसं लोखंड आहे. ठोकली तरी काही होत नाही हिला. आता समृद्धीनं शिर्डीला जाऊ, जिवाला घोर नाही."

तिथे मी काही बोललो नाही, चारचौघांत मामाजींना खोडून काढणं बरं दिसत नाही. पण घरी आल्यावर चहा झाला आणि मग रात्री साडेदहापर्यंत आमचं तेच चाललं, मामाजी, मामी, मी आणि मधेमधे आजी. त्या रात्री जे सांगितलं तेच इथे नीट लिहून काढतोय, कारण हा गैरसमज एकट्या मामाजींचा नाहीये. गाडी महाग म्हणजे मजबूत, आणि मजबूत म्हणजे सेफ, हे मी नागपुरात कितीतरी जणांकडून ऐकलंय, आणि ते सगळे समृद्धीवर गाडी घेऊन जाऊन राहिले.

आधी ते "ठोकली तरी हिला काही होत नाही" घेऊ. हे जर खरंच असतं तर ती गाडी भयंकर धोकादायक ठरली असती. क्रॅश टेस्टमध्ये गाडी बहुतेक वेळा ताशी 64 किलोमीटरने आदळवतात, हा आकडा लक्षात ठेवा, पुढे परत लागेल. 64 म्हणजे सेकंदाला जवळपास 18 मीटर. पाच मजली बिल्डिंगच्या गच्चीवरून काही खाली टाकलं तर जमिनीला लागताना त्याचा वेग साधारण एवढाच असतो. आता हा वेग शून्यावर यायचाच आहे, त्यातून सुटका नाही, प्रश्न एवढाच की किती अंतरात येतो. गाडीचं नाक दगडासारखं कडक असेल आणि समजा 5 सेंटीमीटरच चेपलं, तर आतल्या माणसाच्या अंगावर त्याच्या वजनाच्या 300 पटीपेक्षा जास्त जोर येतो. माणूस जगत नाही त्यात. तेच नाक 60 सेंटीमीटर चेपलं तर हा जोर सरासरी 27 पटीवर येतो, म्हणजे खूपच आहे, पण बेल्ट लावलेला माणूस त्यातून जिवंत बाहेर येऊ शकतो.

मामाजींचं बरंच आयुष्य कळमन्याच्या बाजारात गेलंय म्हणून त्यांना संत्र्याच्या पेटीचं सांगितलं. पेटीत तणस कशाला टाकतो आपण, पेटी आपटली की तणस दबलं पाहिजे, संत्रं नाही. कोणीतरी दबणारच आहे, तुम्ही फक्त ठरवायचं कोणी दबायचं ते. गाडीचं नाक म्हणजे ते तणस. अपघातानंतर बोनेटचा पार चुराडा झालेला फोटो पाहून आपण म्हणतो, "काय पत्रा लावलाय, पापडासारखी गाडी", पण त्या फोटोत बोनेट नाही पाहायचं, पुढचा दरवाजा पाहायचा. दरवाजाची चौकट सरळ आहे का, समोरच्या काचेच्या बाजूचा खांब, ज्याला ए पिलर म्हणतात, तो जागेवर आहे का, दरवाजा हाताने उघडतो का. बोनेट गेलं आणि दरवाजा उघडला, तर त्या गाडीने तिचं काम चोख केलंय.

गंमत नाही, पण हे कोणाला तरी पहिल्यांदा सुचावं लागलं, तोपर्यंत सगळे मामाजींसारखाच विचार करायचे. मर्सिडीजमध्ये बेला बारेनी नावाचे इंजिनिअर होते, त्यांनी 1951 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला की गाडीचे तीन भाग समजा, मधला भाग कडक, पुढचा आणि मागचा मऊ. ही कल्पना घेऊन बनलेली मर्सिडीजची सेडान 1959 मध्ये बाजारात आली. त्याच वर्षी मर्सिडीजने जर्मनीतल्या सिंडेलफिंगेनला आपली पहिली क्रॅश टेस्ट केली, आणि त्याच वर्षी व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी आज आपण लावतो तो तीन ठिकाणी अडकणारा सीट बेल्ट आणला, ज्याचं पेटंट व्होल्वोने सगळ्या कंपन्यांना वापरायला मोकळं करून दिलं. 1959 एका वर्षात एवढं झालं, आणि आज आपण त्याच्या जोरावर जगतोय.

जुन्या लोखंडाचं काय होतं हे कोणाला डोळ्याने बघायचं असेल तर 2009 ची एक टेस्ट आहे. अमेरिकेत आयआयएचएस नावाची संस्था आहे, विमा कंपन्यांच्या पैशावर चालते, त्यामुळे कोणती गाडी माणसं मारते आणि कोणती वाचवते यात तिचा रस अगदी खरा आहे. तिला 50 वर्षं झाली म्हणून तिने 1959 ची शेवरले बेल एअर आणि 2009 ची शेवरले मालिबू समोरासमोर आदळवल्या, दोन्ही 64 च्या वेगाने. बेल एअर म्हणजे जुन्या काळची अजस्र, क्रोमने मढवलेली सेडान, कोणीही म्हणेल ही जिंकणार. तिची केबिन आत कोसळली, तिच्यातला ड्रायव्हर जागच्या जागी गेला असता. मालिबूच्या ड्रायव्हरला गुडघ्याला थोडं लागलं असतं. मामाजींना मोबाइलवर तो व्हिडिओ दाखवला, त्यांनी तीनदा पाहिला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता मधला कडक भाग. बारकाईने डिझाइन केलेल्या सेडानमध्ये ए पिलर, छताच्या कडा, दरवाजाखालचा उंबरा, हे सगळं गरम करून साच्यात दाबलेल्या बोरॉन स्टीलचं असतं, साध्या पत्र्यापेक्षा कितीतरी पट ताकद असलेलं. पुढे दोन जाड पट्ट्या असतात ज्या ठरवून दिलेल्या घड्यांनी दुमडतात, आणि त्यातूनही जो जोर उरतो तो या पिंजऱ्याभोवती वाटला जातो. माणूस त्या पिंजऱ्यात. इथे एक गोष्ट सेकंड हँड घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवा, ती फार मोलाची आहे: हे स्टील एकदा वाकलं की डेंटरने गॅसवर लाल करून सरळ केलं तर दिसायला सरळ होतं, पण त्याची ताकद गेलेली असते. रंग मारला की ओळखू येत नाही. म्हणून अपघातात मोठी ठोकलेली आणि नीट दिसणारी लक्झरी सेडान ही क्रॅश टेस्टमध्ये तिला मिळालेल्या स्टारची गाडी राहिलेली नसते.

मग टेस्ट करतात कशी. गाडी केबलने ओढून वेग देतात, आणि ती सरळ भिंतीवर पूर्ण तोंडाने नाही तर बाजूला सरकवून आदळवतात, म्हणजे रुंदीचा फक्त 40 टक्के भाग लागतो, ड्रायव्हरच्या बाजूचा. कारण खऱ्या रस्त्यावर ओव्हरटेक करताना समोरासमोर येतात ते असेच, अर्धे अर्धे. समोर ॲल्युमिनियमच्या मधमाशीच्या पोळ्यासारखा ठोकळा असतो, समोरच्या गाडीचं नाक जसं चेपेल तसा तो चेपतो. आत डमी, म्हणजे माणसासारखा पुतळा, बसवलेला, 78 किलोचा, जवळपास 175 सेंटीमीटर उंच, डोक्यात, मानेत, छातीत, मांडीत सेन्सर. आणि एक गोष्ट मला फार आवडते: टेस्टआधी डमीच्या तोंडाला, गुडघ्यांना ओला रंग फासतात, वेगवेगळा. आदळल्यानंतर माणसं टॉर्च घेऊन आत बघतात की कोणता रंग कुठे लागलाय. कपाळाचा रंग एअरबॅगवर असेल तर ठीक. तोच रंग स्टिअरिंगच्या कडेला किंवा ए पिलरवर दिसला, तर पुढे आकडे काय म्हणतात ते वाचायच्या आधीच कळतं की डोकं कुठे गेलं होतं.

आपल्याकडे भारत एनसीएपी आहे, म्हणजे गाड्या आदळवून त्यांना स्टार द्यायची योजना, 22 ऑगस्ट 2023 ला नितीन गडकरींनी, म्हणजे आपल्याच खासदारांनी ती सुरू केली आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झाली. समोरून 64 च्या वेगाने, बाजूने ट्रॉली 50 च्या वेगाने येऊन आदळते, आणि खांबावर गाडी आडवी नेऊन आदळवतात ती 29 च्या वेगाने. मोठ्यांच्या सुरक्षेला 32 पैकी मार्क, मुलांच्या सुरक्षेला 49 पैकी. ही टेस्ट ऐच्छिक आहे. जी सक्तीची आहे ती वेगळी, त्यात समोरून 56 च्या वेगाने आदळवतात, आणि ती पास झाली एवढाच शेरा असतो, मार्क नसतात. एवढं सगळं आपल्याकडे किती उशिरा आलं ते पाहा, 2014 मध्ये ग्लोबल एनसीएपीने पहिल्यांदा आपल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या आदळवल्या तेव्हा ऑल्टो 800 पासून पोलोपर्यंत पाचही जणींना मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य स्टार मिळाले होते.

लक्झरी सेडान घेणारे मात्र बहुतेक युरो एनसीएपीचे, म्हणजे युरोपातल्या अशाच टेस्टचे, स्टार दाखवतात, आणि तिथेच मला मामाजींना ती गोष्ट सांगायची होती जी सांगायला मी दिवसभर थांबलो होतो.

2012 चा ऑगस्ट. तोपर्यंत या 40 टक्केवाल्या टेस्टमध्ये सगळ्या महागड्या सेडान मस्त पास होत होत्या, जाहिराती छापून येत होत्या. आयआयएचएसने नवीन टेस्ट काढली, वेग तोच 64, पण आता फक्त 25 टक्के भाग लागणार, आणि समोर चेपणारा ठोकळा नाही, कडक लोखंडी अडथळा. म्हणजे गाडीचा पुढचा कोपरा झाडाला किंवा खांबाला लागला तर काय होतं ते. 25 टक्क्यात गंमत अशी होते की त्या ज्या दोन जाड पट्ट्या सांगितल्या नं, ज्या दुमडून जोर खातात, त्या गाडीच्या थोड्या आतल्या बाजूला असतात. कोपरा लागला की अडथळा त्यांच्या बाहेरून जातो, त्यांना शिवतच नाही. मग सगळा जोर थेट चाकावर, चाक मागे, आणि चाकाच्या मागे कोण आहे, तर ड्रायव्हरचे पाय.

पहिल्या फेरीत 11 गाड्या घेतल्या, सगळ्या लक्झरी किंवा त्याच्या जवळपासच्या सेडान. "गुड" फक्त दोघींना मिळालं, ॲक्युरा टीएल आणि व्होल्वो एस60. बीएमडब्ल्यू 3 सिरीजला "मार्जिनल", म्हणजे काठावर. मर्सिडीज सी क्लास, ऑडी ए4, लेक्सस आयएस आणि लेक्सस ईएस, या चौघी "पुअर". सी क्लासमध्ये पुढचं चाक मागे सरकलं आणि डमीचा उजवा पाय ब्रेकच्या पेडलखाली अडकून बसला. फोक्सवॅगन सीसीचा ड्रायव्हरकडचा दरवाजा बिजागऱ्यांतून निघून गेला. या गाड्या वाईट होत्या का, तर नाही, 40 टक्केवाल्या टेस्टमध्ये त्याच गाड्या उत्तम होत्या. जी परीक्षा माहीत होती तिचा अभ्यास केला होता, पेपर बदलला आणि उत्तर येईना. व्होल्वोला का आलं, कारण व्होल्वो अशा प्रकारची टेस्ट 1980 च्या दशकाच्या शेवटापासून स्वतःहून, कोणी मागितलेली नसताना करत होती.

मामाजी लगेच म्हणाले, "म्हणजे ते काळी गाडी..." मी म्हटलं, मामाजी, ती 2011 ची आहे, या टेस्टच्या आधीची. त्यानंतर सगळ्या कंपन्यांनी डिझाइन सुधारलं, पुढच्या पिढ्या खरंच खूप चांगल्या झाल्या, पण तिच्यात ती सुधारणा नसणार. स्टार कधीचे आहेत हे म्हणूनच पाहायचं. फियाट पुंटोला 2005 मध्ये युरो एनसीएपीत 5 स्टार होते, 2017 मध्ये परत टेस्ट केली तेव्हा शून्य मिळाले. गाडी बिघडली नव्हती, परीक्षा कडक झाली होती. आता तर युरो एनसीएपीने 2020 पासून समोरच्या टेस्टमध्ये अडथळाच चालता केलाय, 1400 किलोची ट्रॉली 50 च्या वेगाने समोरून येते आणि गाडीही 50 च्या वेगाने तिच्यावर जाते, आणि तुमच्या गाडीने समोरच्याचं जास्त नुकसान केलं तर तुमचे मार्क कापतात. हे मला खूप योग्य वाटतं, मोठ्या गाडीने छोट्या गाडीतल्या माणसाचाही विचार करायला हवाच.

आणि अजून एक गोष्ट, ती आपल्यासाठी खास महत्त्वाची. 25 टक्केवाली टेस्ट अमेरिकेत ड्रायव्हरच्या बाजूने व्हायची, म्हणजे डाव्या बाजूने. 2016 मध्ये आयआयएचएसने ड्रायव्हरकडून "गुड" असलेल्या सात छोट्या एसयूव्ही उजव्या बाजूने आदळवून पाहिल्या, तर सातपैकी एकच "गुड" निघाली. काही कंपन्यांनी जिकडून परीक्षा होते तिकडचाच कोपरा जास्त मजबूत केला होता. त्यानंतर 2017 मध्ये उजव्या बाजूचीही वेगळी टेस्ट सुरू झाली. आपल्याकडे ड्रायव्हर बसतो उजवीकडे, त्यामुळे त्या मधल्या वर्षांतल्या गाडीचा नुसता "गुड" शेरा वाचून खूश व्हायचं नाही, कोणत्या बाजूचा ते बघायचं.

वजनाबद्दल मामाजी अर्धे बरोबर होते, ते मी मान्य केलं. 1900 किलोची सेडान आणि 950 किलोची हॅचबॅक, दोघी 60 च्या वेगाने समोरासमोर आल्या तर आदळल्यावर दोन्ही मिळून सेडानच्या दिशेने 20 च्या वेगाने सरकतात. म्हणजे सेडानचा वेग 60 वरून 20 झाला, 40 चा फरक. हॅचबॅकचा 60 वरून थांबून उलट 20, एकूण 80 चा फरक. वजनाचा फायदा खरा आहे, पण तो समोरच्याच्या जिवावर मिळतो, आणि फक्त तेव्हाच जेव्हा समोर हलकी गाडी असते. पुलाचा कठडा, कडुनिंबाचं झाड, उभा ट्रक, यांच्यापुढे जड सेडान स्वतःचंच जास्तीचं वजन घेऊन जाते आणि ते तिचं तिलाच पचवावं लागतं. म्हणून तर सेडानचे स्टार हॅचबॅकच्या स्टारशी थेट लावून पाहू नका, समोरासमोरच्या टेस्टची तुलना साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांतच होते.

तसाच एक गोंधळ खूप जणांचा असतो, की दोन सारख्या गाड्या 64-64 ने समोरासमोर धडकल्या तर 128 ने भिंतीवर आदळल्यासारखं होतं. नाही होत. दोघी मिळून दुप्पट एनर्जी आणतात, पण चेपायला नाकंही दोन असतात, वाटणी बरोबर होते, प्रत्येकीला ते 64 ने भिंतीवर गेल्यासारखंच असतं.

खरा घोर वेगाचा आहे. समृद्धीवर कारची मर्यादा 120 आहे. शिवमडक्याला चढलं की रस्ता एवढा मोकळा आणि सरळ की 120 ला गाडी 70 वर असल्यासारखी वाटते, लक्झरी सेडानमध्ये तर आवाजही आत येत नाही. 64 पेक्षा 120 दुप्पटही नाही असं वाटतं, पण आदळण्याची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, ती होते साडेतीन पट. 100 ला अडीच पटीच्या जवळ. जगातल्या कुठल्याही सेडानचे 5 स्टार या वेगाला दिलेले नाहीत. ब्रेक लागला आणि आदळेपर्यंत वेग 60-70 वर आला तर ते स्टार परत कामाला येतात, म्हणून मी म्हणतो की नव्या गाड्यांतलं आपोआप ब्रेक लावणारं सॉफ्टवेअर ही चैन नाहीये, ती गाडीला परत टेस्टच्या वेगात आणून ठेवते. आणि जागरण करून चालवणाऱ्याला झोप लागली तर ब्रेकच लागत नाही, मग 120 म्हणजे पूर्ण 120, छप्पन मीटरवरून खाली.

उभ्या ट्रकचं मात्र वेगळंच आहे आणि त्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. सेडान खाली बसकी असते, ट्रकचा मागचा हौदा वर. ट्रकच्या मागची आडवी पट्टी नसली किंवा कमजोर असली तर सेडानचं नाक खाली घुसतं, चेपायचा जो भाग आहे त्याला काही लागतच नाही आणि पहिला धक्का बसतो समोरच्या काचेला. स्टारवाल्या टेस्टमध्ये हा अपघात नाही. रात्री हायवेवर डावीकडे बिनलाइटचा ट्रक उभा असू शकतो हे धरूनच चालवायला पाहिजे, गाडी 80 लाखांची असली तरी.

आता मागची सीट. लक्झरी सेडान घेणारा बऱ्याचदा मागे बसतो, आणि आपल्याकडे मागे बेल्ट लावणं म्हणजे ड्रायव्हरवर अविश्वास दाखवल्यासारखं समजतात. 4 सप्टेंबर 2022 ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांची मर्सिडीज जीएलसी कठड्याला धडकली. ती सेडान नव्हती, पण त्याच घराण्यातली, 2015 मध्ये युरो एनसीएपीत 5 स्टार मिळवलेलं मॉडेल. पुढे बसलेले दोघं जखमी झाले पण वाचले. मागचे दोघं, मिस्त्री धरून, गेले, आणि मागच्यांनी बेल्ट लावलेले नव्हते. अख्ख्या देशाने ही बातमी वाचली, आठवडाभर सगळ्यांनी बेल्ट लावले, मग सुटले. मागच्या बेल्टचा नियम आधीपासून आहे, 1000 रुपये दंडही आहे.

बेल्ट नसेल तर नेमकं काय होतं ते बघा. गाडी थांबली, तुम्ही थांबला नाहीत, तुम्ही अजून 64 ने जाताय. ज्या 60 सेंटीमीटर चेपण्यासाठी इंजिनिअर लोकांनी आयुष्य घातलं त्याचा तुम्हाला एका सेंटीमीटरचाही उपयोग नाही, कारण तुम्ही गाडीला बांधलेलेच नाही. बेल्ट लावलेल्या 70 किलोच्या माणसावर त्या 27 पटीने जवळपास 1900 किलोचा जोर येतो, हाताने पुढची सीट धरून कोणी 1900 किलो थांबवू शकत नाही, मांडीवर घेतलेलं बाळ तर नाहीच नाही. आणि मागचा सुटलेला माणूस पुढच्याच्या सीटवर जाऊन आदळतो, म्हणजे पुढच्याचाही जीव धोक्यात.

एअरबॅग आहे नं, असं मामी म्हणाल्या. स्टिअरिंगवर बारीक अक्षरात एसआरएस लिहिलेलं असतं, त्यातल्या पहिल्या एसचा अर्थच पूरक. मूळ काम बेल्टचं. आदळल्याबरोबर पहिल्या 10-15 मिलिसेकंदात बेल्ट स्वतःला ओढून घट्ट करतो, 30-40 मिलिसेकंदात एअरबॅग फुगते, पापणी लवायला याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. मग छातीवर फार जोर आला की बेल्ट थोडा थोडा सैल सोडतो म्हणजे बरगड्या तुटू नयेत. हे सगळं एका तालात बसवलेलं असतं, आणि बेल्ट नसलेला माणूस एअरबॅग पूर्ण फुगायच्या आधीच तिच्यावर जाऊन पडतो. 2017 मध्ये टेस्ला मॉडेल एस 25 टक्केवाल्या टेस्टमध्ये "गुड" ऐवजी "ॲक्सेप्टेबल" वर थांबली ती यामुळेच, बेल्टने डमीला जास्त पुढे जाऊ दिलं आणि डोकं एअरबॅगमधून स्टिअरिंगपर्यंत पोचलं.

शिवाय समोरून धडक बसली तर मागच्यांसाठी बहुतेक गाड्यांत एअरबॅगच नसते, बाजूच्या असतात. मर्सिडीजने 2020 च्या एस क्लासमध्ये मागच्यांसाठी समोरची एअरबॅग पहिल्यांदा आणली, ती पण जादा पैसे देऊन, आणि ती पण बेल्ट लावलेल्यासाठी. आयआयएचएसने 2022 च्या शेवटी मागे डमी बसवून टेस्ट सुरू केली तेव्हा पहिल्या 15 छोट्या एसयूव्हींतल्या फक्त दोन "गुड" आल्या. पुढची सीट इतकी सुधारली आणि मागची विसरली गेली, असं झालंय.

मग लक्झरी सेडान घ्यायचीच असेल तर पाहायचं काय. स्टारच्या खाली जा. युरो एनसीएपीच्या रिपोर्टमध्ये डमीचं चित्र असतं, अंगाचा प्रत्येक भाग रंगवलेला, हिरवा, पिवळा, केशरी, तपकिरी, लाल. 5 स्टार असूनही छाती केशरी असू शकते. 2024 मध्ये युरो एनसीएपीत सगळ्यांत वरचा नंबर मर्सिडीज ई क्लासचा आला, मोठ्यांसाठी 92 टक्के, मुलांसाठी 90, आजच्या घडीला सेडान किती चांगली असू शकते याचं ते उदाहरण आहे. पण आपल्याकडे विकतात ती लांब व्हीलबेसवाली, टेस्ट झाली ती युरोपातली नेहमीच्या लांबीची, तेव्हा शोरूममध्ये सरळ विचारा की रेटिंग कोणत्या व्हेरियंटचं, त्यातल्या किती एअरबॅग आणि कोणते सेन्सर या गाडीत आहेत. सेकंड हँड असेल तर चेसिस नंबर घेऊन कंपनीकडे रिकॉल, म्हणजे दोष काढायला कंपनीने गाडी परत बोलावणं, बाकी आहे का ते तपासा, कारण त्या काळातल्या लाखो गाड्यांत, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी, होंडा सगळ्या आल्या, टाकाटा कंपनीच्या एअरबॅग होत्या ज्यांना फुगवणारा दारूगोळा वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने खराब होतो आणि फुटताना लोखंडाचे तुकडे माणसावर उडतात. आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डला हात लावता येत नाही, हे तपासणं सोडू नका. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझतो का तेही पाहा, लागलाच नाही तर कोणीतरी बल्ब काढलेला असू शकतो.

एवढं झाल्यावर आजी, जी इतका वेळ ऐकत होती, म्हणाली, "माह्या सीटले तं पट्टाच नाही आहे." मामाजी म्हणाले आहे नं आई, मागे सगळ्यांना आहे. मग आम्ही सगळे खाली गेलो, मोबाइलच्या टॉर्चमध्ये घरच्या हॅचबॅकची मागची सीट पाहिली. पट्टा होता, बकल नव्हतं. गाडी घेतली त्याच दिवशी रेक्झिनचं सीट कव्हर बसवून घेतलं होतं, आणि कव्हरवाल्याने तिन्ही बकल खाली दाबून वरून शिवून टाकली होती. पुढच्या सीटचं कव्हरही पाहिलं, बाजूला जिथे सीटमधली एअरबॅग बाहेर यायची जागा असते तिथे जाड शिवण होती, या गाडीत ती एअरबॅग नाही म्हणून वाचलो, त्या काळ्या सेडानमध्ये असती तर उघडताना अडकली असती.

मामाजींनी वरून ब्लेड आणलं. आजीच्या बाजूचं कव्हर कापून हात आत घातला, बिस्किटांचा चुरा, एक रुपयाचं नाणं, मग बकल. दुसरं मी काढलं. मधल्या सीटचं सगळ्यात खोल गेलं होतं, ते निघालं तेव्हा त्यावर शोरूमचं प्लास्टिक अजून तसंच गुंडाळलेलं होतं, नऊ वर्षांपूर्वीचं.